मेलेल्या काडतुसाची बंदूक: जपणूक की मिरवणूक?

ह्यूस्टनचा_बंडू (धागाकर्ता)

गेल्या वर्षी मी एक रायफल विकत घेतली. सव्वाशे वर्षांहून जुनी, नेपाळात घडवलेली. कुरिअरवाला ती दारात ठेवून गेला, परवाना-बिरवाना काही लागला नाही. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यात १८९८ किंवा त्याआधी घडलेलं हत्यार 'अँटिक' धरतात आणि इतर बंदुकांचे नियम त्याला लागत नाहीत. (राज्याराज्यांत फरक आहेत. माझ्या भरवशावर कुणी मागवू नका.) फोनवर ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "शोभेला दुसरं काही मिळालं नाही का रे तुला?" तिथून हा धागा सुचला.

आधी ही आली कुठून ते सांगतो. काठमांडूत लगन सिलेखाना नावाचा जुना वाडा आहे. सिलेखाना म्हणजे आपला शिलेखानाच. राणांच्या (नेपाळचे वंशपरंपरागत पंतप्रधान) राजवटीतली बाद झालेली हत्यारं तिथे पिढ्यान्‌पिढ्या रचून ठेवलेली होती, ठासणीच्या ब्राउन बेसपासून ब्रिटिशांच्या एका वेळी एक गोळी झाडणाऱ्या मार्टिनी-हेन्री रायफलीपर्यंत. २००३ मध्ये दोन अमेरिकी कंपन्यांनी सगळा साठा विकत घेतला. त्या स्वतः आकडा सांगतात पन्नास हजारांहून अधिक.

माझी रायफल 'गहेंद्र' आहे. जनरल गहेंद्र शमशेर हे वीर शमशेर महाराजांचे चिरंजीव. इंग्रज आपली नवी हत्यारं सहजासहजी देत नाहीत म्हटल्यावर या गड्यानं स्वतःच्या कारखान्यात घडवायला घेतली. बाहेरून बघाल तर हुबेहूब मार्टिनी, खालचा लिव्हर ओढला की ठोकळा खाली बसतो. उघडून पाहिलं की वेगळीच. मार्टिनीत गुंडाळीची स्प्रिंग असते, हिच्यात पात्याची, कारण आतली रचना वेस्टली रिचर्ड्स या इंग्लिश बंदूक कंपनीच्या पद्धतीची आहे.

आणि खरी गंमत तिच्यावरच्या अक्षरांत आहे. सगळं देवनागरी! इकडचे संग्राहक फोटो टाकून विचारत बसतात, ही नक्षी काय म्हणते? मी चहा पिता पिता वाचून दाखवतो. त्यांचे जुने ५, ८ आणि ९ आपल्यापेक्षा जरा निराळे असतात, तिथे पहिल्यांदा गडबडलो होतो. माझ्या रायफलीवर संवत १९४८ आहे, ५७ वजा केले की १८९१.

आली तेव्हा काळ्या चिकट ग्रीजमध्ये बुडालेली होती. तीन वीकेंड घासली, आता दस्ता आरशासारखा चमकतो. तिचं काडतूस म्हणजे .५७७/४५० कुठलंच सैन्य आज वापरत नाही. इकडचे हौशी लोक ब्राझीलहून येणाऱ्या २४ बोअरच्या, म्हणजे शॉटगनच्या, पितळी पुंगळ्यांपासून ते घडवतात. मलाही एकदा, एकदाच, ती झाडून बघायची आहे.

आमच्यासारखे वेडे नसते तर हे सगळं वितळवून पत्रे झाले असते. मी याला जपणूक म्हणतो. तुम्ही काय म्हणता?

अनवाणी

मिरवणूक म्हणते.

मी साताऱ्याकडे शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे जरा लांबेल. मार्टिनी-हेन्रीचं नाव आलं की सगळ्यांना लाल डगलेवाले गोरे शिपाई आणि दक्षिण आफ्रिकेतले झुलू आठवतात. मला अफगाणिस्तानातली मैवंदची लढाई आठवते. २७ जुलै १८८०, कंदाहारच्या पश्चिमेला. त्या ब्रिगेडमध्ये ६६वी ही गोरी पलटण होती आणि तिच्या हातात मार्टिनी होत्या. शेजारी मुंबई लष्कराच्या दोन देशी पलटणी होत्या, १ली ग्रेनेडियर्स आणि ३०वी जेकब्ज रायफल्स. त्यांच्या हातात स्नायडर, म्हणजे आदल्या पिढीची बंदूक. रणांगण एक, शत्रू एक, ऊन एक, आणि बंदुका दोन पिढ्यांच्या. अडीच हजारांच्या त्या ब्रिगेडपैकी हजाराच्या आसपास माणसं तिथे मेली.

हे चुकून झालेलं नव्हतं. १८५७ नंतर सरकारचं धोरणच ते. आधी शिपायांसाठी एनफील्डच्या नळीतले आटे खरवडून ती गुळगुळीत केली, म्हणजे नेम लांब जाऊच नये. पुढे गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा देशींना स्नायडर. गोऱ्यांकडे नवी .३०३ रायफल आली तेव्हा कुठे देशींच्या हाती मार्टिनी पडली. आणि १८७८च्या हत्यार कायद्यानं इथल्या माणसाला घरातल्या तलवारीसाठीही परवाना मागायला लावला, युरोपियनांना मात्र सूट.

आता ती बंदूक ह्यूस्टनच्या दिवाणखान्यात चमकते आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. बंडोपंत, तुमच्या रायफलीला संवत आहे, कारखाना आहे, जनरल आहे. ती खांद्यावर वाहिलेला शिपाई कुठे आहे?

दोन_शून्य

ताईंना +१. बाकी तीन वीकेंड घासायला कुणी नवऱ्याला घरात मोकळं सोडतं हेच मला नवल.

लेस्टरवासी

मी स्वतः संग्राहक आहे, पण धागाकर्त्याच्या विरोधात लिहितोय. मुद्दा वेगळा आहे.

इंग्लंडमध्येही जुनी बंदूक परवान्याशिवाय ठेवता येते, पण 'कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू' म्हणून. १९६८च्या तिथल्या कायद्यातले जवळपास तेच शब्द आहेत. ही सूट बहुतेक वेळा उभी असते काडतुसाच्या जिवावर, म्हणजे ते मेलेलं असण्यावर. सरकारची एक यादी आहे, त्यात बाद झालेली काडतुसं आहेत. तुमच्या बंदुकीचं काडतूस त्या यादीत असेल तर बंदूक शोभेची. ती झाडायची म्हणालात की त्याच क्षणी परवाना हवा.

यादी नुसती कागदावर नाही. ग्लॉस्टरशायरमधला एक परवानाधारक व्यापारी जुन्या रिव्हॉल्व्हरना बसतील अशी काडतुसं घरी बनवून टोळ्यांना पुरवत होता. शंभराहून अधिक गुन्ह्यांच्या जागी त्याचा माल निघाला. २०१७ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये सरकारनं सात काडतुसं यादीतून काढली, बहुतेक सगळी रिव्हॉल्व्हरची. ज्यांच्या कपाटात त्या मापाची बंदूक होती ते रातोरात परवान्याच्या रांगेत.

थोडक्यात, बंदुकीचा निर्दोषपणा काडतुसाच्या मरणावर टिकलेला असतो. तुम्ही लोक पितळी पुंगळ्या ठोकून ते काडतूस जिवंत करता आणि मग कायदा आम्हाला झोडपतो. भिंतीवर टांगा, तेल लावा, लेख लिहा. बार काढू नका.

ह्यूस्टनचा_बंडू

लेस्टरवासी, तुमच्या सात काडतुसांत .५७७/४५० आहे का? नाही ना? चार फुटी रायफल, एका वेळी एक गोळी, बार काढला की धुराचा ढग. ही घेऊन कुठली टोळी बँक लुटणार आहे? रिव्हॉल्व्हरवाल्यांच्या पापाची शिक्षा आम्हाला कशाला?

अनवाणी ताई, मैवंदचं मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण तुमचाच मुद्दा माझ्या बाजूनं जातो. आपल्या शिपायांना दुय्यम बंदूक देत होते त्याच काळात शेजारच्या राज्यात एक माणूस स्वतःची घडवत होता. ही साम्राज्याची बंदूक नाहीच मुळी, साम्राज्याला वळसा घालणारी आहे. आणि ती आज हातात घेऊन बघता येते ती आमच्यामुळे.

अनवाणी

वळसा घातला, बरं. पण राणांची ती फौज १८५७च्या उठावात, १८५८ मध्ये, लखनौला इंग्रजांच्या बाजूनं उतरली होती. गहेंद्रांच्या आजोबांच्या पिढीची गोष्ट आहे, मान्य, तरी दरबार तोच. इतकं सरळ नसतं ते.

खडकीकर

या वयात मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. चौतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढली. कारखाना १८६९ चा. म्हणजे मार्टिनी ब्रिटिश लष्करात आली १८७१ ला, आमचा भोंगा त्याच्या आधीपासून वाजतोय.

बंडू, तू काडतूस म्हणतोस ते पहिल्यांदा कसं होतं ठाऊक आहे का? आजच्यासारखी ओढून काढलेली अखंड पितळी पुंगळी नव्हती ती. पातळ पितळी पत्रा गुंडाळायचा, खाली लोखंडी चकती, आत ८५ ग्रेन काळी दारू आणि वर कागद गुंडाळलेली ४८० ग्रेनची गोळी. कागदावर छान दिसतं. १८८५च्या जानेवारीत सुदानमध्ये अबू क्लेआला काय झालं? नळी तापली, वाळू आत गेली, पत्रा चिकटून बसला. रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या काढणीनं बूड तोडून घेतलं आणि पुंगळी आतच. शत्रू अंगावर आणि हातात दांडकं. त्यानंतर अखंड पुंगळ्या आल्या, पुढच्या मॉडेलचा लिव्हरही लांब केला. हे सगळं एका मेलेल्या काडतुसात वाचता येतं. म्हणून जुनी काडतुसं जमवणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. बुडावरचा ठसा बघितला की कारखाना कळतो, पुष्कळदा सालही कळतं.

पण मी स्वतः एक रिकामी पुंगळीसुद्धा कधी घरी आणली नाही. आपल्याकडे विमानतळावर बॅगेत एखादं विसरलेलं काडतूस सापडलं तर गुन्हा दाखल होतो, पेपरात येतच असतं. २०२० पासून सरकारनं जुन्या दुर्मिळ बंदुका घरात ठेवायला परवाना लागणार नाही असं केलंय. ती वापरायची किंवा बरोबर न्यायची तर मात्र लागतो, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय काडतूस मिळणार नाही. म्हणजे लेस्टरचे साहेब म्हणतात तेच, फिरून काडतुसापाशी.

आता कामाचं. बाबा रे, ती झाडू नकोस. तुझी गहेंद्र हातानं घडवलेली आहे. एकीचा भाग दुसरीला बसेलच असं नाही. चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, कुणाची केवढी ते तोंडानं सांगता येत नाही. पोलाद कसलं, कुठे मऊ, कुठे ठिसूळ, देव जाणे. विकणाऱ्यानंही 'झाडण्यासाठी नाही' असं लिहून दिलं असेल. आमच्याकडे नळीची चाचणी जाड भिंतीआडून, दोरी ओढून करत. तू तर गालाला लावणार.

ह्यूस्टनचा_बंडू

काका, लिहून दिलंय, अगदी तसंच. बायकोनं तो कागद फ्रिजवर चिकटवलाय.

पोपटी

सगळे जण 'जपली' म्हणताय म्हणून विचारते. पन्नास हजार हत्यारं एका गरीब देशातून एका सौद्यात बाहेर गेली, त्यातली किती तिथे राहिली? काठमांडूतल्या मुलाला गहेंद्र बघायची तर त्यानं ह्यूस्टनला यायचं का? आपल्याकडची वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी आली तरी आपण केवढे हरखलो होतो. नेपाळ्यांनी काय करावं?

ह्यूस्टनचा_बंडू

त्यांच्या सरकारनं विकली, चोरून आणलेली नाहीत. त्या वाड्यात ओल होती, ढिगाखाली ढीग होते. आणि आपल्याकडचं बोलायचं तर मी एका संस्थानी संग्रहालयात (नाव घेत नाही) पाहिलंय. काचेआड स्नायडर होती, तिचा खटका गंजून फुगलेला, खाली पाटी 'जुनी बंदूक'. बस्स. साल नाही, कारखाना नाही. माझ्या भिंतीवर तिला निदान नाव तरी मिळालं.

अनवाणी

पाटीचं खरं आहे. मीही तसल्या पाट्या बघून मुलांसमोर ओशाळले आहे. तरी त्या पाटीची लाज वाटायला चारचौघांचं तिथे येणं-जाणं लागतं. तुमच्या दिवाणखान्यात कुणाला लाज वाटणार?

लेस्टरवासी

आणखी एक. पाकिस्तानात पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये अशा बंदुकांच्या हुबेहूब नकला घडतात, मार्टिनीच्याही. अफगाणिस्तानात गेलेल्या कितीतरी सैनिकांनी त्या खऱ्या समजून घरी नेल्या. ओळखायची सोपी खूण म्हणजे ठसे. इंग्रजी एन उलटा कोरलेला, किंवा व्हिक्टोरिया राणीचं मोनोग्राम आणि खाली साल १९०१ नंतरचं, म्हणजे राणी गेल्यावरचं. नकली माल बाहेर काढायचं काम हौशी लोकांनीच केलंय, संग्रहालयांनी फारसं नाही. एवढं श्रेय त्यांना द्या, ताई.

अनवाणी

दिलं. ठसे वाचणाऱ्यांशी माझं भांडण नाही. म्हणूनच बंडोपंतांना एक विचारायचंय. राहून गेलं होतं. नळीवरचं आणि खटक्याच्या पेटीवरचं कोरीव लिखाण कारखान्याचं. पण शिपाई दस्त्यावर काहीतरी खरवडतोच, नाव, पलटण, देव. तुमच्या दस्त्यावर काय होतं?

ह्यूस्टनचा_बंडू

ताई, डाव्या बाजूला चाकूनं कोरल्यासारखं काहीतरी होतं. ग्रीजखाली नीट दिसत नव्हतं. ओरखडे वाटले.

पोपटी

वाटले?

खडकीकर

बंडू, सँडपेपर मारलास का रे?

ह्यूस्टनचा_बंडू

हो काका.

घासायच्या आधी मोबाइलवर एकच फोटो काढला होता, विमा कंपनीसाठी. आत्ता मोठा करून बघितला. 'काली' एवढं स्पष्ट आहे, पुढे एक अक्षर, बहुतेक ब, आणि मग फोटोची कड.

अनवाणी

नेपाळच्या फौजेत कालीबक्स नावाची जुनी पलटण आहे. ती असेल, किंवा त्या माणसाचं नावच कालीबहादूर असेल. पुढची दोन अक्षरं असती तर सांगता आलं असतं.

फोटो इथे टाका. आणि आहे तसा टाका, उजळवू नका.