शहर एक, मग बेकारी ठरावीक वस्त्यांतच का?

धागाकर्ती:
चालू पगारावर काम करायची तयारी असूनही काम मिळत नाही, ती अनैच्छिक बेकारी. मोठ्या शहरात ती काही वस्त्यांतच का साचते? अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी १९६८ मध्ये शिकागो आणि डेट्रॉइटबद्दल लिहिलं: नोकऱ्या उपनगरांत सरकल्या, कृष्णवर्णीयांना तिथे घरं मिळेनात, त्यामुळे त्यांचा रोजगार घटला. पाळी सकाळी ६ ची आणि वस्तीतून पहिली बसही ६ चीच, तर त्या माणसाला आळशी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

सरळरेघ:
असहमत. भाडं कमी तिथे कमी शिकलेले लोक राहायला जातात. बेकारी वस्तीमुळे येत नाही, ती माणसांबरोबर येते. अमेरिकेत १९९४ पासून ५ शहरांत सोडत काढून गरीब कुटुंबांना बऱ्या वस्तीत जायला भाड्याची मदत दिली. मोठ्यांच्या रोजगारात काही फरक पडला नाही.

धागाकर्ती:
मोठ्यांच्या नाही पडला. पण १३ व्या वर्षाच्या आत तिथे गेलेल्या मुलांची पुढे कमाई वाढली, तेही सांगा ना! शिवाय इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, शहराच्या कडेला राहणाऱ्या तरुणांना बसभाडं दिलं, तर त्यांनी जास्त काम शोधलं आणि कायमच्या नोकरीची शक्यता वाढली.

सरळरेघ:
त्याच शहरातल्या दुसऱ्या प्रयोगात ४ वर्षांनी बसभाड्याचा परिणाम उरला नव्हता. कमाई वाढली ती ज्यांना अर्ज-मुलाखतीचं शिकवून कौशल्याचं प्रमाणपत्र दिलं, त्यांची. म्हणजे कौशल्यच!

उंबरठा:
थांबा. थोड्याशा शिकवणीने हातात नवं कसब येत नाही. होतं तेच मालकाला दिसलं. एरवी हे काम ओळखीची माणसं करतात, 'आमच्याकडे जागा आहे, मी शब्द टाकतो' असं म्हणून. गल्लीतले निम्मे लोक घरी बसलेले असतील तर शब्द टाकणार कोण? मला यात खरंच अन्याय दिसतो. आणि मोजणी बघा: साधारणपणे गेल्या ४ आठवड्यांत काम शोधलं असेल तरच बेकार म्हणून नोंद होते. नकार ऐकून थकलेला माणूस त्या आकड्यात नसतोच. सगळ्यात वाईट वस्तीचा आकडा त्यामुळे बरा दिसू शकतो.

सरळरेघ:
मोजणीचं पटलं. थकलेल्यांनाही धरा. पण पैसा मोजकाच असेल तर मी तो आधी प्रशिक्षणावर लावीन, बसवर नाही.

धागाकर्ती:
आणि प्रशिक्षण केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला असलं तर?