फॅन रीजन बनवतोय, क्रीचर्स भरपूर झाले पण जग पोकळ वाटतंय

खाडीकाठ:
गेले सहा महिने पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या जगात बसेल असा स्वतःचा रीजन, म्हणजे कल्पित प्रदेश, लिहितोय. नदी समुद्राला मिळते तिथला भाग, सगळा गाळ, खारफुटी, भरती-ओहोटी. 43 नवीन क्रीचर्स काढून झालेत, टाइप (प्रकार), मूव्ह (लढाईतले डाव), इव्होल्यूशन (वाढून नवं रूप घेणं) सगळं ठरलंय, आठ जिमपण आहेत, म्हणजे लढाई जिंकली की बॅज मिळतो त्या जागा. काल सगळं सलग वाचलं आणि लक्षात आलं की इथे ट्रेनर, म्हणजे क्रीचर्स पकडून लढवणारे, सोडून कोणी राहतच नाही, गावं आहेत पण गावात माणसं करतात काय याचा पत्ता नाही. मूळ गेममधले रीजन खऱ्या जागांवरून घेतलेत, कांटो जपानमधल्या त्याच नावाच्या भागावरून, युनोवा न्यूयॉर्कवरून, त्यामुळे त्यांना आपोआप वजन येतं असं वाटतं. माझ्याकडे तसं काही नाही. अजून क्रीचर्स वाढवू का?

निशाचर:
नको रे, आता एकही वाढवू नकोस. आहेत त्यातला एक घे आणि तो इथे आला कसा ते लिही. हवाईवरून घेतलेल्या अलोला रीजनमध्ये बघ ना, उंदरासारखे रटाटा फार माजले म्हणून माणसांनी बाहेरून मुंगसासारखे यंगूस आणले, यंगूस दिवसा फिरणारे, मग रटाटा रात्रीचे झाले, शहरात घुसले, काळे पडले आणि डार्क टाइप झाले. खऱ्या हवाईतही हेच झालंय, 1883 मध्ये उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला मुंगूस आणले, पण उंदीर रात्रीचे आणि मुंगूस दिवसाचे, गाठ फारशी पडलीच नाही आणि मुंगसांनी तिथल्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. एका निर्णयातून दोन क्रीचर्सचा अख्खा इतिहास निघाला. तुझ्या 43 मधला कोणता माणसांनी आणला आणि आता कोणाच्या डोक्याला ताप झालाय?

जुनी होडी:
निशाचरचं पटतं पण मी कामापासून सुरुवात करेन. कांटोतल्या व्हर्मिलियन शहरात एक म्हातारा घर बांधायला माचॉप नावाच्या दणकट क्रीचरकडून जमीन तुडवून घेत असतो, बस एवढंच, ना लढाई ना बॅज, तरी मला ते शहर त्या म्हाताऱ्यामुळेच आठवतं. माझ्या एका जुन्या कथेत ओहोटीला चिखलातून होड्या ओढणारा क्रीचर होता, दोर घासून घासून त्याच्या खांद्याला घट्टा पडलेला, तिथे केस उगवायचे नाहीत आणि इव्हॉल्व्ह झाल्यावरसुद्धा तो घट्टा तसाच. पोरगी त्याला घेऊन प्रवासाला निघते तर आई दारातच आडवी येते, कारण तो गेला की उद्या होडी ओढणार कोण? ट्रेनर होणं म्हणजे घरातले दोन कमावते हात कमी होणं, हे लिहिलं की गावात माणसं आपोआप दिसायला लागतात.

दीपमाळ:
आणि आठ जिमचा हट्ट का? पोकेमॉनचे सन आणि मून हे गेम 2016 मध्ये आले तेव्हा अलोलात जिमच नव्हत्या, बेटांवरच्या ट्रायल होत्या, आणि त्या जागेला तेच शोभत होतं. तुझ्याकडे भरती-ओहोटी आहे, तीच परीक्षा कर. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, त्या रात्री अख्खं गाव जागं असणार, तिथे पोराला उभं कर.

खाडीकाठ:
अरे तिघांचं एकत्र केलं आणि रात्री झोपच लागली नाही! माझ्याकडे गाळघूस म्हणून एक क्रीचर होता, नुसता ग्राउंड टाइप म्हणून टाकलेला. आता असं ठरवलंय की पणजोबांच्या काळात कालवे खणायला बाहेरून आणल्या, कालवे झाले, गाळघुशी राहिल्या, आणि आता त्या बांधाला बिळं पाडतात. उधाणाच्या रात्री दर शंभर पावलांवर एक पोर कंदील घेऊन बसतं, बांधाला कान लावून आतली खरखर ऐकतं. पहिला बॅज तिथेच, बांध सकाळपर्यंत टिकला तर. एक अडलंय, पकडलेल्या गाळघुशीवर पोराचा जीव जडला तर? टीममध्ये घ्यायची की लांब नेऊन सोडायची?

जुनी होडी:
टीममध्येच घे. ज्यांचं शेत तिच्या बिळामुळे खारं झालं ते शेजारी त्याच्याशी बोलणं टाकतील, म्हणून तो गाव सोडेल. आठ बॅज जमवायला निघालेल्या पोरापेक्षा हा पोरगा मला जास्त वाचायला आवडेल.