मदत हवी आहे: क्षमा केल्यानंतर तक्रार करता येते का?

माझे एक सहकारी माझे काम वारंवार स्वतःच्या नावाने वरिष्ठांपुढे मांडतात. बायबलमधील मत्तय 18:15 प्रमाणे मी त्यांच्याशी दोनदा एकांतात बोललो. दोन्ही वेळा त्यांनी चूक मान्य केली आणि लूक 17:3-4 मनात ठेवून मी क्षमाही केली, पण गेल्या महिन्यात पुन्हा तेच घडले. मत्तयातील पुढची पायरी साक्षीदारांची आणि त्यानंतर मंडळीची (चर्चची) आहे. मात्र हे सहकारी ख्रिस्ती नसल्यामुळे मंडळीपुढे जाण्याचा प्रश्नच येत नाही. प्रेषित पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली होती (प्रेषितांची कृत्ये 25:11), हे मला ठाऊक आहे, परंतु तेथे त्याच्या प्राणांचा प्रश्न होता, माझ्या बाबतीत केवळ श्रेयाचा आहे. गप्प राहणे माझ्या स्वभावाला सोपे जाते, म्हणूनच त्याला क्षमा म्हणायला मन धजावत नाही. विभाग बदलणे सध्या शक्य नाही आणि प्रार्थना चालूच आहे, त्यामुळे कृपया तेवढाच सल्ला देऊ नये. रोमकरांस पत्र 12:18 मध्ये आपल्याकडून होईल तितके शांतीने राहण्यास सांगितले आहे. ती मर्यादा ओलांडली न जाता वरिष्ठांकडे लेखी तक्रार करता येईल का, आणि येत असल्यास शास्त्रातील कोणत्या उताऱ्याच्या आधारे?