कार विमा : नेहमीच्या एजंट काकांकडून की ऑनलाइन? (नाशिक) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी नोव्हेंबर २०२० ची, पेट्रोल, ११९७ सीसी, एमएच-१५ पासिंग. महिनाअखेर विमा संपतोय आणि घरात दोन पक्ष पडलेत.

एक पक्ष बाबांचा. त्यांच्या पहिल्या गाडीपासून विमा एकाच काकांकडे आहे. काका इंदिरानगरात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात, मुदत संपायच्या आधी आठवणीने फोन करतात, चेक न्यायला घरी येतात, चहा घेतात. बाबांचं म्हणणं एकच, अडीनडीला समोर माणूस लागतो. दुसरा पक्ष बायकोचा. तिने स्कूटरचा विमा बसल्या जागी मोबाइलवरून काढला, तेव्हापासून काकांच्या चहाकडे ती जरा संशयानेच बघते.

काकांचं कोटेशन १४,८५० रुपये. त्याच कंपनीचं ऑनलाइन १०,९००. चार हजारांचा फरक म्हणजे बायकोचंच खरं, असं वाटलं होतं. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, तर बराचसा फरक काकांमुळे नाहीच.

थर्ड पार्टीचे (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) ३,४१६ दोन्हीकडे सारखे. तो दर सरकार ठरवतं (जून २०२२ चं दरपत्रक, १००० सीसीच्या वर ते १५०० पर्यंत), त्यात कोणी सूट देत नाही. नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दलची सूट) दोन्हीकडे ५० टक्के. खरी गंमत आयडीव्हीत, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत आहे. काकांनी गाडीची किंमत ४,३०,००० धरलीय, वेबसाइटने ३,६५,०००. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो, त्यापुढे कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, म्हणून ही तफावत. शिवाय काकांच्या कागदावर इंजिन प्रोटेक्शन (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर त्याचं जादा संरक्षण) आहे, वेबसाइटच्या पहिल्या पानावरच्या स्वस्त आकड्यात नाही. आयडीव्ही काकांइतकी केली, इंजिन प्रोटेक्शन घातलं, झीरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापण्याची सोय) दोन्हीकडे होतंच, तर ऑनलाइन आकडा १३,१०० वर गेला. काकांनी १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमाही धरलाय. तो माझ्या मोटारसायकलच्या पॉलिसीत आधीच आहे आणि एका मालकाला एकदा घेतला की पुरतो. तो वजा केला तर खरा फरक उरतो साधारण तेराशेचा.

तर प्रश्न हा, की या तेराशेत काका नक्की काय देतात? क्लेमच्या वेळी एजंट असल्याने पैसे लवकर किंवा जास्त मिळतात का? स्वतः क्लेम केलेल्यांनी सांगावं, ऐकीव नको.

आणि इंजिन प्रोटेक्शन खरंच लागतं का? माझं काम सराफ बाजाराच्या बाजूला असतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारत आम्ही गाड्या हलवतो. ऑगस्ट २०१९ चा पूर विसरलेलो नाही.

प्रतिसाद
तेराशे रुपयांसाठी घरात महाभारत कशाला? काकांना द्या आणि मोकळे व्हा.

प्रतिसाद
आमचे एजंट चेक घेईपर्यंत फार गोड बोलतात. नंतर फोन लागला तर नशीब. त्यामुळे "समोर माणूस" हे ज्या त्या माणसावर आहे.

प्रतिसाद
मी ऑनलाइनवाला, अंबडला नोकरी. कसारा घाटात मागून ट्रकने ठोकलं. डिकी, बंपर, मागची काच, सगळं गेलं. क्रम सांगतो. कंपनीच्या अ‍ॅपवर लगेच कळवलं, जागेवरच फोटो काढले, गाडी टो करून कंपनीच्या यादीतल्या वर्कशॉपला नेली. वर्कशॉपने एस्टिमेट दिलं, सर्व्हेअर येऊन बघून गेला, मंजुरी आली, मगच काम सुरू. सर्व्हे व्हायच्या आधी एकही पार्ट खोलू देऊ नका, नाहीतर वाद होतो.

झीरो डेप होतं म्हणून वाचलो. नसतं तर प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, आणि हल्ली गाडीत प्लास्टिकशिवाय आहे काय! तरी कंपल्सरी डिडक्टिबलचे (क्लेममधला आपण भरायचा ठरलेला वाटा) १,००० खिशातून गेले (१५०० सीसीच्या वर २,०००), आणि नटबोल्ट, ऑइल, कूलंट वगैरे कन्झ्युमेबल्सचे वेगळे. तो अ‍ॅड-ऑन मी घेतला नव्हता.

आता तुमचा प्रश्न. मंजुरी सर्व्हेअरच्या अहवालावर कंपनी देते. एजंट असता म्हणून रक्कम वाढली नसती. कॅशलेससुद्धा (बिल कंपनीने थेट वर्कशॉपला देणं) कंपनी आणि वर्कशॉपच्या करारावर असतं, पॉलिसी कुठून घेतली त्यावर नाही. मात्र मधे फाइल अडकली तेव्हा कस्टमर केअरला दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. ते डोकेफोड करायचं काम एजंटने केलं असतं. मला जमलं, माझ्या वडिलांना जमलं नसतं.

प्रतिसाद
मी याच धंद्यात आहे, त्यामुळे माझं बोलणं जरा पारखूनच घ्या.

तुमची ताडून बघायची पद्धत बरोबर आहे. बहुतेक लोक शेवटचा आकडा बघतात आणि एजंट लुटतो म्हणतात. ओन डॅमेजवरची (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) सूट कंपनी ठरवते, प्रत्येक चॅनेलला वेगळी. तुमच्या काकांना हा ऑनलाइन आकडा सरळ दाखवा. भीड बाळगू नका, आम्हाला रोज कोणीतरी दाखवतं. अपघात विमा दुसऱ्या पॉलिसीत आहे हे कळलं की तो निघेल, थोडी सूटही निघू शकते.

इंजिन प्रोटेक्शन तुमच्या जागी मी घेईन. पुरात गाडी बुडून झालेलं नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीत येतं, पण पाणी शिरलेली गाडी स्टार्ट केली आणि इंजिन जॅम झालं तर ते त्यात धरत नाहीत. आणि अ‍ॅड-ऑन असला तरी पाण्यातली गाडी स्टार्ट करायची नाही, टो करून आणायची.

कुठूनही घ्या, पैसे कंपनीच्या नावाने द्या, रोख नको. पॉलिसी आली की कंपनीच्या साइटवर नंबर टाकून बघा, नंतर एमपरिवहन या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरही दिसते. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्हीत नोंद हवी. किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, एवढ्यासाठी लोक लपवतात आणि क्लेमला अडकतात. तक्रारीचा रस्ताही दोघांना सारखाच. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिकला पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. काकांना आकडा दाखवला. रागावतील वाटलं होतं, ते म्हणाले "आधीच सांगायचं ना". अपघात विमा काढून, थोडी सूट देऊन १३,५०० वर आलेत. चारशेच्या फरकात बाबांचं मन मोडायचं नाही, तेव्हा गाडी काकांकडे, स्कूटर ऑनलाइन, असा तह झालाय. कन्झ्युमेबल्सही घालायला सांगितलंय, त्याचे वेगळे पडतील.

एक नवीन भानगड निघाली. कर्ज फिटलंय, पण जुन्या पॉलिसीवर बँकेचं नाव तसंच आहे. आधी आरटीओ की आधी विमा?

प्रतिसाद
मघाचाच एजंट. नाव काढून घ्या, नाहीतर उद्या टोटल लॉस झाला तर चेकवर आधी बँकेचा हक्क आणि तुम्ही एनओसी शोधत बसाल. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लावून आधी आरसीवरचा बोजा उतरवा, पेठ रोडच्या आरटीओचं काम. नवीन आरसीची प्रत दिली की पॉलिसीत एंडोर्समेंट (नोंदीतला बदल) होते. मात्र आरसीची वाट बघत नूतनीकरण थांबवू नका. मुदत संपली तर गाडीची तपासणी आली, आणि ९० दिवस उलटले तर तुमचा ५० टक्के बोनस गेला.