मंडळाच्या लॅपटॉपात गाण्यांनी १४८ जीबी खाल्लेत, कमी कसे करायचे?

वडगाव_भजनी

नमस्कार मंडळी. भजनी मंडळाचा लॅपटॉप आहे, विंडोज ११, एसएसडी २५६ जीबीची. त्यात ११ जीबी उरलेत, विंडोजचं अपडेटसुद्धा घेईना झालंय. गाण्यांच्या एका फोल्डरचेच १४८ जीबी. हिशेब असा:

सप्ताहातल्या भजन-कीर्तनाच्या जुन्या कॅसेटींवरून उतरवलेल्या वेव्ह फायली, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ: ४० जीबी
त्याच कॅसेटींच्या ऑडॅसिटीच्या (आवाज उतरवायच्या प्रोग्रॅमच्या) एयूपी३ फायली: ३४ जीबी
सीडींवरून केलेलं फ्लॅक, म्हणजे आवाज न कातरता दाबलेलं (शास्त्रीय, नाट्यसंगीत, थोडी कन्नड दासपदं): ४१ जीबी
३२० च्या बिटरेटचे (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३: २७ जीबी
बाकी व्हॉट्सॲपवरून आलेलं, १२८ चे एमपी३, एम४ए असलं किरकोळ: ६ जीबी

लॅपटॉप मंडळाच्या स्पीकरला लागतो. शिवाय गाडीत पेनड्राइव्ह असतो, कारण चोर्ल्याच्या घाटात रेंज जाते आणि ऑनलाइन गाणी बंद पडतात. सगळंच १२८ च्या एमपी३मध्ये घालून मोकळं व्हावं काय? की झिप करून ठेवू? सांगा की ओ कोणीतरी.

निपाणी_नाका

झिपचा नाद सोडा. एमपी३, एम४ए, फ्लॅक हे सगळं आधीच दाबलेलं असतं. झिपमध्ये जेमतेम एक-दोन टक्के वाचतील आणि प्रत्येक वेळी उघडत बसाल ते वेगळंच.

सगळं १२८ ला घालणं तर अजिबात नको. तुमच्या यादीतली निम्मी जागा गाण्यांनी खाल्लेलीच नाही, ती उतरवून घेण्याच्या कामातल्या उरल्यासुरल्याची आहे. तिथून सुरू करा.

एयूपी३ म्हणजे ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट, गाणं नव्हे. ऑडॅसिटी आत ३२ बिटमध्ये काम करते, म्हणजे ९६ किलोहर्ट्झ स्टीरिओला मिनिटाला सुमारे ४६ एमबी. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, ती झाली २ जीबी. त्यावर नॉइज रिडक्शन मारलं की अन्डूसाठी आणखी तेवढीच प्रत त्याच फाइलीत जाते. प्रोजेक्ट नीट बंद केला तर ती जागा मोकळी होते, पण मध्येच लाइट गेली किंवा लॅपटॉप अडकला तर फाइल फुगलेलीच राहते. तेव्हा प्रत्येक एयूपी३ची तयार वेव्ह आहे ना, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजते ना आणि दोन्ही बाजू आल्यात ना, एवढं बघा. आहेत म्हटल्यावर एयूपी३ उडवा. ३४ जीबी तिथंच सुटले, आवाजाच्या केसालाही धक्का नाही.

आता वेव्हचे ४० जीबी. २४ बिट ९६ किलोहर्ट्झला मिनिटाला साडेचौतीस एमबी लागतात, नव्वदची एक कॅसेट ३.१ जीबी. एवढं त्या टेपवर असतंच कुठं? साध्या फेरिक कॅसेटचा आवाज साधारण १५ किलोहर्ट्झच्या आसपास संपतो. सर्वात मोठा आवाज आणि टेपची खरखर यांत ५०-६० डेसिबलचं अंतर असतं, १६ बिटमध्ये ९६ मावतात. साफसफाई करेपर्यंत २४ बिटचा उपयोग असतो, ती झाली की १६ बिट ४८ किलोहर्ट्झ फ्लॅक पुष्कळ झालं. ४० चे साधारण ८ जीबी होतील. त्याहून फार कमीची अपेक्षा ठेवू नका, कारण खरखरीला काही ठराविक आकार नसतो आणि फ्लॅकला ती दाबता येत नाही. स्टुडिओतली स्वच्छ सीडी जेवढी आकसते तेवढी टेप आकसत नाही. फ्लॅकची लेव्हल ५ ठेवा नाहीतर ८, फरक टक्क्या-दीड टक्क्याचा. आवाजाशी त्याचा संबंध नाही.

जांबोटी_रोड

वरचं सगळं बरोबर. सीडीच्या ४१ जीबीबद्दल मी लिहिते.

ते फ्लॅक आहे तसं बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्या आणि लॅपटॉपवर ओपसच्या (एमपी३सारखाच दाबलेला फॉरमॅट) प्रती ठेवा. फ्लॅकला मिनिटाला ५-६ एमबी लागतात, १२८ च्या ओपसला एक एमबीच्या आत. म्हणजे ४१ चे साडेसहा-सात जीबी. एमपी३ऐवजी ओपस का, तर तेवढ्याच जागेत तो आवाज जास्त जपतो. २०१२ साली त्याचं प्रमाणीकरण झालं. अँड्रॉइडवर ५.० पासून पुढं तो थेट वाजतो. आयफोनवाल्यांनी व्हीएलसी घालून घ्यावं.

किती बिटरेटला काय बिघडतं हे तुमच्याच गाण्यावर तपासा, कारण भजन हा एन्कोडरला छळणारा प्रकार आहे. टाळ. टाळाचा ठोका एकदम येतो आणि त्याची किणकिण वरच्या पट्टीत लांबत जाते. कमी बिटरेटला ठोक्याच्या आधीच एक पुसट 'फस्स' ऐकू येतं आणि किणकिणीचं पाण्यात बुडवल्यासारखं होतं. पखवाज आणि पेटी ९६ लाही बऱ्यापैकी तगतात, टाळ तगत नाही. दुसरी जागा तंबोऱ्याची. बिटरेट कमी पडला की जवारीचा (तारेच्या झंकाराचा) पसारा आटतो, तार नुसती वाजत राहते. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या गाण्यात तंबोऱ्यांना काय मान होता ते ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे, तिथं काटकसर नको. माझं मत: कीर्तनातलं निरूपण, प्रवचन मोनो ३२ ला चालतं, टाळाचं भजन आणि शास्त्रीय स्टीरिओ १२८ च्या खाली नको. शंका असेल तर १६० घ्या, मिनिटाला सव्वा एमबीसुद्धा होत नाही.

फूबार२००० या गाणी वाजवायच्या नि फॉरमॅट बदलायच्या प्रोग्रॅममध्ये करायचं असं. प्रोग्रॅमबरोबर त्यांच्याच साइटवरचा फुकट एन्कोडर पॅकही घाला, नाहीतर ओपस आणि एमपी३ होणार नाही. फोल्डर ओढून आत टाका, सगळं निवडा, राइट क्लिक, कन्व्हर्ट, मग तीन टिंबांवर. आउटपुट फॉरमॅटमध्ये ओपस, एडिटमध्ये १२८. डेस्टिनेशनमध्ये नवा वेगळा फोल्डर द्या आणि नावाच्या साच्यात अल्बम व ट्रॅक नंबर दोन्ही घ्या. अल्बम घेतला नाही तर सगळ्या सीडींचे 'ट्रॅक ०१' एकाच जागी येऊन एकमेकांवर आपटतात. 'अदर'मध्ये टॅग न्यायचं चालू, चित्रं न्यायचं बंद. आधी एकच अल्बम करा, ऐका, मग बाकीचं लावून झोपा.

चित्रांचं मुद्दाम सांगते. काही जण प्रत्येक गाण्याच्या पोटात तीन-तीन एमबीचं कव्हर घालून ठेवतात. हजार-बाराशे गाण्यांना ३-४ जीबी नुसत्या फोटोंचे! एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये ॲक्शनमधून 'ॲडजस्ट कव्हर' निवडून ६०० बाय ६०० जेपेग करा, शंभरेक केबीत बसतं. त्यानंतरही फाइल तेवढीच दिसली तर घाबरू नका, काढलेल्या चित्राची जागा आत रिकामी राहिलेली असते. फूबारमध्ये युटिलिटीजखाली 'ऑप्टिमाइझ फाइल लेआउट + मिनिमाइझ फाइल साइझ' चालवलं की ती सुटते.

वडगाव_भजनी

अक्का, निपाणीकर, उपकार झाले बघा. एयूपी३ तपासायला घेतल्यात. दोन शंका. कॅसेटी मुळात मोनो टेपरेकॉर्डरवर भरलेल्या, उतरवताना स्टीरिओ झाल्यात. मोनो केल्या तर जागा निम्मी होईल ना? आणि ३२० च्या एमपी३चं काय करू?

हेड_क्लीनर

होईल, पण डोळे झाकून डावं-उजवं एकत्र करू नका. उतरवताना डेकचं हेड किंचित तिरकं असेल तर उजवा चॅनेल डाव्याच्या केसभर मागं पडतो. दोन्हींची सरासरी काढली की वरच्या पट्टीतला आवाज एकमेकांना खोडतो आणि टाळ रजईखालून आल्यासारखा येतो.

ओळखायचं असं: ऑडॅसिटीत टाळाच्या एका ठोक्यावर इतकं झूम करा की लाटेचे ठिपके दिसतील. वरच्या आणि खालच्या लाटेची टोकं एका रेषेत असतील तर मिक्स करून मोनो करा, खरखरही थोडी कमी होते. पुढं-मागं असतील तर ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टीरिओ टू मोनो' करा, दोन्ही चॅनेल वेगवेगळे ऐका, खुला वाटेल तो ठेवा आणि दुसरा काढून टाका. कॅसेटीच्या दोन बाजूंना वेगळा निकाल येऊ शकतो, म्हणून बाजूगणिक बघा.

खराब टेपमध्ये आवाज मध्येच एका बाजूला गळतो. तशा ठिकाणी मोनो करूच नका, स्टीरिओ राहू द्या. आणि खानापूरकडच्या पावसात ठेवलेल्या कॅसेटींवर पांढरी बुरशी असेल तर मूळ वेव्ह पुसायची घाई नको. तीच टेप पुन्हा वाजेलच याची खात्री नसते.

निपाणी_नाका

३२० चे एमपी३: ज्या गाण्याचं फ्लॅक तुमच्याकडे आहे त्याचा एमपी३ सरळ उडवा. ज्याचं नाही ते तसंच राहू द्या. एमपी३ने एकदा आवाज कातरलेला असतो, त्यावर १२८ ची कात्री पुन्हा चालवली की दोन्हींचे दोष साचतात, आणि मागं फिरता येत नाही. ३२० वरून १२८ ओपस सभागृहाच्या स्पीकरवर कदाचित खपून जाईल, पण इतर ठिकाणी एवढी जागा सुटत असताना त्याची गरज काय?

एक मात्र बघा. नेटवरून उतरवलेले '३२०' खरे असतातच असं नाही. मूळ १२८ चं असतं, कोणीतरी त्यालाच फुगवून ३२० केलेलं. स्पेक नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात फाइल टाकली की आवाजाचा नकाशा दिसतो. खऱ्या ३२० मध्ये रंग २० किलोहर्ट्झच्या आसपास पोचतो. १६ ला सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर माल संशयास्पद. (जुन्या तबकडीवरून किंवा कॅसेटवरून आलेल्या गाण्याला हा नियम लावू नका, त्यात वरचं मुळातच नसतं.) असल्या फुगवलेल्या फाइलीचा मूळ एम४ए तुमच्या त्या ६ जीबीत सापडला तर तोच ठेवा, लहानही आणि चांगलाही. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट मुळातच ओपस आहेत, त्यांना हात लावू नका.

जांबोटी_रोड

दुहेरी गाण्यांचं राहिलं. आपल्याकडं एकच पद तीन नावांनी पडलेलं असतं: एक देवनागरीत, एक कन्नड लिपीत, एक इंग्रजी अक्षरांत, तेही स्पेलिंग दर वेळी नवं. नावावरून दुहेरी शोधणारा प्रोग्रॅम इथं आंधळा. च्कावका (Czkawka) हा प्रोग्रॅम घ्या, त्यात गाण्यांच्या विभागात टॅगऐवजी 'कंटेंट'वर तुलना लावा. तो आवाजाचाच ठसा काढून जुळवतो, त्यामुळं एकाचं फ्लॅक आणि दुसऱ्याचं एमपी३ असलं तरी सापडतं.

'सिलेक्ट ऑल, डिलीट' मात्र नको. त्याच बुवांनी गायलेला तोच अभंग दोन वर्षांच्या सप्ताहात असेल तर ती दोन ध्वनिमुद्रणं आहेत. कालावधी बघा. दोन-तीन सेकंदांचा फरक असेल तर बहुधा तीच प्रत, मिनिटाचा असेल तर ऐकून ठरवा. म्युझिकब्रेन्झ पिकार्डनं टॅग आपोआप भरायला जाल तर सीडीवाल्या शास्त्रीय गाण्यांना उपयोग होईल. मंडळाच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणांना नको. ती त्यांच्या यादीत असणारच नाहीत, आणि भलत्याच गायकाचं नाव चिकटलं तर नंतर निस्तरताना नाकी नऊ येतील.

हेड_क्लीनर

पुसण्याचा क्रम पाळा. आधी सगळं मूळ बाहेरच्या दोन डिस्कवर, एक मंडळात आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी. एकच डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, नुसती जागा बदलली. मग कन्व्हर्ट, मग तपासणी, आणि शेवटी लॅपटॉपवरचं पुसणं. फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाची एमडी५ खूण असते. फूबारच्या फाइल इंटेग्रिटी व्हेरिफायरनं अख्खा फोल्डर तपासता येतो, कॉपी करताना एखादी फाइल फाटली असेल तर लाल दाखवतो. 'सेफली रिमूव्ह' न करता डिस्क उपटली की हेच होतं. आणि सगळं झाल्यावर रिसायकल बिन रिकामी करा. तोवर एक जीबीसुद्धा मोकळा दिसणार नाही आणि तुम्ही आम्हाला शिव्या घालाल.

वडगाव_भजनी

बरं, गाडीचं? तिथं ओपस वाजेल काय? आणि आताच्या पेनड्राइव्हवर गाण्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन येतात.

निपाणी_नाका

गाडीत ओपस धरून चालू नका. पेनड्राइव्हसाठी फ्लॅकमधून वेगळे एमपी३ करा, लेम (एमपी३ करणारा एन्कोडर) व्ही२ दर्जावर, सरासरी १९० च्या आसपास. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर साडेतीनशे तास बसतात. ओपसवरून एमपी३ करू नका, तीच दुहेरी कात्री होईल. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस बऱ्याच गाड्या वाचत नाहीत. चौकोन येतात कारण त्या स्टीरिओत देवनागरीचा फाँटच नसतो. फक्त पेनड्राइव्हवरच्या प्रतींची फाइलनावं आणि टॅग इंग्रजी अक्षरांत करा, लॅपटॉपवरची देवनागरी राहू द्या. गाणी उलटसुलट क्रमानं वाजत असतील तर फोल्डर एकेक करून, हव्या त्या क्रमानं कॉपी करा. बरेच स्टीरिओ नावाच्या नव्हे, कॉपी झालेल्या क्रमानं वाजवतात.