अनुभव धागा : मुलांच्या हातचा ऋतूतला खाऊ

ज्या महिन्यात बाजारात जे येते, त्याचाच खाऊ मुलांनी स्वतः करावा, यासाठी आपण घरी, शाळेत किंवा शेतावर काय केले, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. पदार्थाच्या कृतीइतकेच मुलाचे वय आणि त्याने प्रत्यक्ष केलेले काम महत्त्वाचे आहे. सुरुवात मी करते.

पुणे, आई

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. हिवाळ्यात ओल्या हरभऱ्याची जुडी आणली की घाटे तोडून सोलण्याचे सगळे काम तिच्याकडे असते. झाडावरच्या आंबेमुळे, म्हणजे पानांवरच्या आंबट दवामुळे, बोटे आंबट लागतात, हे तिला प्रथम कळले तेव्हा ती पुन्हा पुन्हा बोटे चाखत राहिली. सोललेले दाणे मी जेमतेम वाफवते; त्यात गाजराचा कीस, मीठ, जिरेपूड आणि हाताने तोडलेली कोथिंबीर ती घालते, लिंबूही तीच पिळते. उसळीतला हरभरा बाजूला काढणारी हीच मुलगी हे दाणे वाटीभर खाते. सुरीला हात लावू न देताही एवढे काम होते, हे लहान मुलांच्या पालकांनी अवश्य लक्षात घ्यावे.

अलिबाग, आजोबा

आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लागते. सुट्टीत आलेल्या नातवंडांना मी आधी भांबुर्डीचा पाला ओळखायला शिकवतो, कारण पोपटीचा खरा वास त्या पाल्याचा असतो. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, कांदे, आणि शेवटी तोंडाशी पुन्हा पाला घट्ट दाबायचा. हे सारे मुलेच रचतात. पाण्याचा थेंबही लागत नाही. शेंगा आणि पाला यांच्याच वाफेवर सगळे शिजते आणि तेलाचा तर प्रश्नच नाही. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि सुका पालापाचोळा पेटवण्याचे काम मात्र मोठ्यांचेच असते आणि मुलांना तेथून चांगले दूर बसवावे लागते. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. ते चर्रकन आटले, तर पोपटी झाली. ही परीक्षा दहा-अकरा वर्षांच्या नातवाला मी माझ्या देखरेखीखाली करू देतो. गॅसवर कुकरमध्ये उकडलेल्या शेंगांना ‘पोपटी’ म्हणणे मला मान्य नाही, तरी शहरातल्या मुलांना त्या शेंगा सोलायला जरूर द्याव्यात.

सोलापूर जिल्हा, शिक्षिका

आमच्या वर्गातील मुलांची घरे ज्वारीच्या शेतांजवळ आहेत, त्यामुळे हुरडा त्यांना नवा नाही. म्हणून आम्ही त्यांना सोबतची चटणी करायला देतो : भाजलेले शेंगदाणे, लसूण, मीठ आणि बेताचे तिखट खलबत्त्यात कुटायचे. आगटीतून (हुरडा भाजायच्या शेकोटीतून) काढलेली कणसे मोठी माणसे चोळतात आणि मुले दाणे पाखडतात. कणीस दुधात असताना काढले तरच हुरडा गोड लागतो, दाणा कडक झाला की ती वेळ गेली, हे चौथीतली मुले मला शिकवतात.

यॉर्कशायर, इंग्लंड, आई

येथे हिरवी कैरी दुकानात मिळते, पण ती दुरून आलेली आणि महाग असते. यॉर्कशायरमध्ये हिवाळ्याच्या अखेरीस अंधाऱ्या शेडमध्ये वाढवलेला गुलाबी रूबार्ब (दांडे खाल्ली जाणारी भाजी) येतो आणि त्याचे दांडे चांगलेच आंबट असतात. नऊ वर्षांच्या मुलाबरोबर एरवी कैरीचा होणारा मेथांबा मी त्याचा करते. तो दांडे चिरतो, गूळ किसतो आणि मोहरी-मेथीची फोडणी मी करते. रूबार्बची पाने विषारी असतात, म्हणून बागेतला रूबार्ब आणला तर पाने तोडून टाकण्याचे काम मी सर्वांत आधी आणि त्याच्यासमोर करते. दांडे चटकन विरघळतात, त्यामुळे गूळ विरघळून एक उकळी आली की आच बंद करावी. हा मेथांबा नाचणीच्या धिरड्याबरोबर तो शाळेच्या डब्यातही नेतो.