मदत हवी आहे: शेवटच्या भागात अपघात टळला, मग टाळणारे आले कुठून?

मंगळवारपेठकर
शेवटचा भाग आत्ताच परत बघितला. योनास आणि मार्था दोघं १९७१ मध्ये जाऊन घड्याळवाल्याच्या मुलाची गाडी थांबवतात. अपघात झाला नाही तर घड्याळवाला काळात मागे जायचं यंत्र बनवणार नाही. यंत्र नाही तर दोन दुनिया तयार होत नाहीत, आणि मग हे दोघं जन्मालाच येत नाहीत. मग गाडी थांबवली कुणी? शिवाय ती आई आणि मुलगी, शार्लट आणि एलिझाबेथ, एकमेकींच्या आया! उद्या रात्री तालमीतली पोरं शेवट बघायला घरी येणार आहेत, सगळे मलाच विचारणार. आजच उत्तर पाहिजे. "मालिकाच आहे, एवढा विचार कशाला" असं कृपया कुणी लिहू नका.

शाहूपुरी_गल्ली
कुठली मालिका? नाव तर लिहा की.

मंगळवारपेठकर
'डार्क', ती काळप्रवासाची जर्मन मालिका. दुसरी कुठली असणार?

दुधाळी
शीर्षकातच शेवट सांगून टाकलात. माझी बहीण दुसऱ्या सीझनला आहे, तीही इथं वाचते. शीर्षकात मालिकेचं नाव घाला आणि आत शेवट उघड केलाय असं आधी लिहा.

कळंबा_रोड
आधी हे सांगा, कुठल्या भाषेत बघताय? मूळ जर्मन आवाज ठेवा आणि खाली अक्षरं लावा. दुसऱ्या भाषेतल्या आवाजात मालिकेतल्या त्या विंडेन गावाची सगळी उदासी जाते. आणि पात्रांची वंशावळ मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावा. आमच्या घरी अजून आहे.

मंगळवारपेठकर
जर्मनमध्येच बघतोय. वंशावळ पाठ आहे. प्रश्न वाचा हो.

भौतिकवाले_सर
तुम्ही दोन वेगळी कोडी एकत्र केली आहेत, म्हणून गुंता होतोय. शार्लट ही एलिझाबेथ आणि नोआची मुलगी. एलिझाबेथ ही शार्लट आणि पीटरची मुलगी. यात सुरुवात नाही, पण विसंगतीही नाही. प्रत्येक घटनेला कारण आहे, फक्त कारणांची माळ गोल आहे. याला बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स म्हणतात. इगोर नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं तत्त्व असं की काळात मागे गेलात तरी इतिहासाशी जुळेल तेवढंच तुमच्या हातून घडेल. पहिले दोन सीझन या नियमात चोख बसतात. मिकेल २०१९ मधून १९८६ मध्ये जातो, मोठा होऊन योनासचा बाप होतो, सगळं जुळतं. गाडी थांबवणं हा दुसरा प्रकार, आजोबा पॅराडॉक्स: मागे जाऊन स्वतःच्याच आजोबांना लहानपणी मारलं तर मारणारा जन्मलाच कसा? तिथं खरी विसंगती आहे.

लॅबवाली
सर, "विसंगती नाही" हे इतकं सरळ नाही. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. शार्लटचा एलिझाबेथकडून, एलिझाबेथचा शार्लटकडून. मग तो तयार कुठं झाला? जगातल्या कुठल्याच तिसऱ्या बाईकडून तो आलेला नाही. मला या मालिकेतलं सगळ्यात भयानक हेच वाटतं.

भौतिकवाले_सर
बरोबर आहे, आणि फार छान मुद्दा आहे. पण उगम नसणं वेगळं आणि दोन गोष्टींनी एकमेकींना खोटं पाडणं वेगळं.

प्रयाग_चिखली
सोपं करून सांगतो भावा. मी पुरातला माणूस. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४३. समजा मी आज मागं गेलो आणि जुलैतच गावाला सांगितलं, जनावरं हलवा, गाव सोडा. सगळ्यांनी ऐकलं, काहीच गेलं नाही. मग आज मला मागं जायचं कारणच राहत नाही. गेलो नाही तर सांगितलं कुणी? हाच घोळ आहे मालिकेत.

लॅबवाली
उदाहरण पूर्ण जुळत नाही दादा. पूर तरी येणारच होता आणि तुम्हीही असणारच होता. योनास आणि मार्था तर स्वतःचा जन्मच पुसतात.

प्रयाग_चिखली
ते खरं. पण मला कुणी एकदा मागं पाठवलं तर मी तेवढं सांगून येईन. २०२१ ला परत तेच झालं, हायवे बंद, घरात पाणी. त्या दोघांनी स्वतः संपून दुसऱ्याची पोरं वाचवली, मला तिथं रडू आलं.

बिंदू_चौक
मालिकेतल्या ३३ वर्षांच्या चक्राचा विषय कुणी काढला नाही अजून. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी कमी. आपण अधिक महिना घालून फरक भरून काढतो, म्हणून गणपती पावसाळा सरतानाच येतो. हिजरी सालात अधिक महिना नाही. मोहरम मागं मागं सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी पहिल्या जागी येतो. आता मालिकेतली सालं बघा, १९५३, १९८६, २०१९. तिन्ही साली मोहरम सप्टेंबरात. २०१९ ला गणपती आणि मोहरमचे पंजे बरोबरच बसले होते, आठवत असेल. १९८६ लाही तसंच होतं.

शाहूपुरी_गल्ली
हे माहीत नव्हतं! घरात थोरल्यांना विचारतो.

मंगळवारपेठकर
माहिती भारी आहे, पण गाडी कुणी थांबवली?

दुधाळी
क्लॉडिया गुंता उलगडून सांगते तो प्रसंग नीट बघा. मालिकेतल्या महाविनाशाच्या वेळी काळ क्षणभर थांबतो, तेवढ्यापुरती कार्यकारणाची साखळी तुटते. त्याच फटीत योनासचे दोन झाले. एकाला मार्था घेऊन गेली, एक तळघरात राहिला. दोन्ही खरे, दोघांनाही पुढचं आयुष्य आहे. म्हणजे एकाच क्षणातून दोन निकाल निघतात, हे मालिकेनं आधीच दाखवलंय. शेवटही त्याच नियमाचा आहे. अपघात झाला हेही खरं, टळला हेही खरं.

भौतिकवाले_सर
हे नोविकोव्हच्या बाहेरचं आहे. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या समांतर विश्वांच्या वाटेला हे जवळचं. शेवटासाठी नियम बदलला, एवढी माझी तक्रार आहे.

दुधाळी
बदलला नाही सर, उशिरा सांगितला. आणि पुरावा समोर आहे. घड्याळवाल्याचा मुलगा मारेक बायको-मुलीला घेऊन बापाकडं परत येतो आणि रस्त्यात दोघं भेटल्याचं सांगतो. थांबवणारे विरून गेले तरी त्यांचं भेटणं त्या दुनियेत राहिलं.

मंगळवारपेठकर
हे पटलं. मारेकचं बोलणं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, उद्या तिथं थांबवून दाखवतो. आता एकच. शेवटच्या जेवणात योनासची आई हन्ना आहे, तिला 'योनास' नाव आवडतं. म्हणजे तो परत जन्मणार?

कळंबा_रोड
त्या टेबलावर रेजिना कशी, हे विचारा. ट्रॉन्टे त्या गोल चक्रातूनच जन्मलेला, तो तिचा बाप नाही, म्हणून ती राहिली.

लॅबवाली
नाही जन्मणार. योनासचा बाप मिकेल, तो या दुनियेत नाहीच. हन्नाच्या पोटातलं बाळ तिच्या जोडीदाराचं, वोलरचं आहे. नाव तेच, माणूस दुसरा. उद्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहाटेपर्यंत यावरच वाद चालेल.